मढच्या वाटेचे पाथेय

संस्कृतात ‘पाथेय’ असा एक सुंदर शब्द आहे. ‘पथिन्’ या शब्दाला प्रत्यय लावून पाणिनीने तो सिद्ध केला आहे, आणि वाटेवर जे उपयोगी पडते ते पाथेय, एवढा त्याचा सरळ अर्थ. आपण मराठीत त्याला ‘शिदोरी’ हा प्रतिशब्द योजला, आणि मग पाथेय म्हणजे दशम्या, तिळाची चटणी व लोणच्याची फोड एवढेच उरले. मूळ कल्पना याहून व्यापक आहे. जुना गाडीवान गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगीत असे, एक जादा खीळ व दोराचे वेटोळे बरोबर ठेवीत असे. तेही पाथेयच होय. वाहन बदलले की पाथेयही बदलते, आणि आपल्या मंडळींचा घोटाळा होतो तो नेमका येथेच.

हल्ली विजेची सायकल घरोघर दिसू लागली आहे. अडीचशे वॉटच्या मर्यादेतील मोटार व ताशी पंचवीस किलोमीटरांच्या आतील वेग असलेल्या अशा सायकलीस सरकारी नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. यामुळे साठी उलटलेल्या कित्येक गृहस्थांस आणि काही धीट गृहिणींसही पुन्हा एकवार दूरच्या वाटा मोकळ्या झाल्या आहेत. मीही त्यांपैकीच एक. परंतु ही मंडळी निघतात ती बाजारात भाजी आणावयास निघाल्यासारखी. पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या किलोमीटरांवर दृढ श्रद्धा! गावात हे चालून जाते. मढच्या वाटेवर चालत नाही. म्हणून ही वाट डोळ्यांसमोर ठेवूनच पिशवीत काय असावे ते सांगण्याचे योजिले आहे.

मढ हे गाव जुन्नर तालुक्याच्या वायव्य अंगास, सह्याद्रीच्या माथ्यानजीक वसले आहे. प्राकृतात ‘ठ’ चा ‘ढ’ होतो आणि ‘मठ’ शब्दाचे रूप ‘मढ’ होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनात नाव ऐकताच एखादी पर्णकुटी उभी राहील. प्रत्यक्षात समोर येतो तो मालमोटारींनी गजबजलेला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग. पण चार पावले बाजूस गेले की चित्त निवते. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी पिंपळगाव जोगे धरणाचा विस्तीर्ण जलाशय या भागात पसरला आहे. पलीकडे हरिश्चंद्रगडाची भिंत, जवळच सिंदोळा, आणि पारगावच्या बाजूस निमगिरी. पुढे खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीने खिरेश्वरास जाता येते; तेथील नागेश्वराचे प्राचीन मंदिर पाहण्यासाठी मी वाटेल तेवढे पायडल मारण्यास तयार असतो. महामार्ग तसाच पुढे धरला की माळशेज घाटाचा माथा लागतो आणि खाली कोकण दिसते.

जुन्नरहून मढास जाण्यास दोन वाटा आहेत. एक गणेश खिंड चढून जाते; दुसरी ओतूरवरून, महामार्गाने. खिंडीची वाट चढाची, पण वर्दळ कमी. ओतूरची वाट सोपी, परंतु तीवर वाहनांची रीघ आणि दुतर्फा ऊस. उसाचे प्रकरण पुढे येईलच. जुन्नर ते माळशेजचा माथा आणि परत, असा दिवसभराचा फेरा साठ-सत्तर किलोमीटरांचा धरावा.

आता विजेचा हिशेब, कारण पिशवीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू या हिशेबावरून ठरते. नेहमीची बॅटरी ३६ व्होल्टची व १० अँपिअर-तासांची असते. दोहोंचा गुणाकार ३६० वॉट-तास. सपाट रस्त्यावर, पायडलवर पाय प्रामाणिकपणे चालवले, तर एका किलोमीटरास आठ ते दहा वॉट-तास खर्च होतात. पाय नुसते टेकवून ठेवले तर पंधरासुद्धा. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर छत्तीस ते पंचेचाळीस किलोमीटर, आणि फेरा आहे साठ-सत्तरांचा. यात चढ अजून धरलेलाच नाही. बसणारा, सायकल व पिशवी मिळून शंभर किलो वजन धरले, तर ते शंभर मीटर उंच नेण्यास सुमारे अठ्ठ्याण्णव हजार ज्यूल लागतात. त्याचे सत्तावीस वॉट-तास होतात. मोटारीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग मिळवला की पस्तीस-चाळीस. प्रत्येक शंभर मीटर चढास चार किलोमीटरांची वीज जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

याच गणितावरून आणखी एक गोष्ट निघते. घाटाच्या माथ्यावरून खाली पाहिले की उतरावेसे वाटते, आणि उतरताना वीजही लागत नाही. पण तो घाट परत चढावयाचा आहे, तो पाचशे मीटरांहून अधिक आहे, आणि निम्मी बॅटरी केवळ त्या उंचीत जाते. पंचवीस किलोची सायकल त्या घाटात, बोगद्यातून, मालमोटारींच्या कडेने ढकलीत आणणे हे साठीच्या माणसाचे काम नव्हे. माथ्यावरून दर्शन घ्यावे आणि मागे फिरावे.

तात्पर्य, चार्जर बरोबर हवाच. पुष्कळ मंडळी तो घरी ठेवून जातात, कारण तो जड आणि बेंगरूळ असतो. मी सर्वप्रथम तोच पिशवीत घालतो. मोठा नव्हे, सायकलीबरोबर मिळालेला तोच. दुसऱ्या बॅटरीचा चार्जर ‘पिन बसते’ म्हणून लावणे म्हणजे घरात आग आणणे. दोन अँपिअरचा चार्जर ताशी दोन अँपिअर-तास, म्हणजे बहात्तर वॉट-तास भरतो. तास-अर्धा तास चहात घालवून फारसे पदरात पडत नाही. परंतु मढास दुपारचे जेवण व वामकुक्षी मिळून अडीच तास काढले, तर निम्मी बॅटरी भरते. तीनशे साठ आणि एकशे ऐंशी मिळून पाचशे चाळीस. पासष्ट किलोमीटरांनी भागले असता आठच्या वर थोडे येते. जमते, पण पाय चालवले तरच.

हा चार्जर मढास जातानाच लावावा, परतताना नव्हे. यात पुष्कळांची गफलत होते. जाताना बॅटरीत बरीच वीज शिल्लक असते, म्हणून ‘येताना पाहू’ असे वाटते. पण डोंगराकडील गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. जाताना मढास वीज नाही असे आढळले, तर जलाशयाच्या काठी बसून शिदोरी सोडावी आणि उरल्या विजेवर घरी यावे. दिवस वाया जात नाही. तीच गोष्ट घाटमाथ्यावरून परतताना, बॅटरी रिती असताना कळली, तर पुढे गणेश खिंड आ वासून उभी असते आणि मागे सूर्य कलत असतो.

चार्जरबरोबर पाच मीटरांची जोडवायर हवी, कारण दुकानातील खटका बहुधा फळीच्या मागे, शीतपेट्यांच्या पलीकडे असतो. तीन पिनांचे दोन करणारा जोड हवा. आणि एक टेस्टर. आठ-दहा रुपयांचे काम नव्हे, पण छातीच्या खिशात मावते आणि खटक्यात वीज आहे की नाही हे बोट न घालता सांगते. वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नये. चार्जर झाकून ठेवू नये, तो तापतो. बॅटरीही उन्हात तापलेली असेल तर पंधरा-वीस मिनिटे सावलीत ठेवूनच भरावयास लावावी.

येथे थोडे शिष्टाचाराविषयी. दुसऱ्याच्या घरची वीज ही दुसऱ्याच्या विहिरीच्या पाण्यासारखी आहे. मागितल्यावाचून घेऊ नये. मढच्या महामार्गावरील एका चहावाल्यास मी प्रथम विचारले तेव्हा तो हसला. “गुरुजी, लावा की. तुमच्या सायकलीला असं किती लागणार?” हिशेब केला तर त्याचे म्हणणे बरोबर होते, निम्मी बॅटरी भरण्यास पाव युनिटही पुरते. तरी मी दोन चहांचे पैसे जास्त ठेवले. तो नको म्हणाला. मी म्हटले, “अरे, उद्या माझ्यामागे आणखी चौघे येतील, त्यांनाही तू लावा म्हणशील ना?” मग त्याने घेतले. आपण जे वागतो त्यावर मागून येणाऱ्यांची सोय अवलंबून असते.

विजेखालोखाल काटे. या भागात बाभळी पुष्कळ, आणि बाभळीच्या काट्यास टायर म्हणजे लोणी. साध्या सायकलीचे चाक दोन मिनिटांत निघते. विजेच्या सायकलीची मोटार बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते, तिची वायर आसातून बाहेर येते, आणि तिचे नट भलतेच आवळलेले असतात. पुष्कळ सायकलींना १८ मिलिमीटरचा पाना लागतो. पण आपल्या सायकलीस कोणता लागतो ते घरी लावून पाहावे, आणि पाना पुरेसा लांब दांड्याचा घ्यावा. आखूड पान्याने तो नट हलत नाही आणि माणूसच हलतो. वायरीचा जोड बाणाच्या खुणेवर खूण ठेवून सरळ ओढावयाचा असतो. पिळला की आतल्या बारीक पिना वाकतात, आणि मग मढासच काय, जुन्नरासही दुरुस्ती व्हावयाची नाही. नटाखालच्या चकत्या कोणत्या क्रमाने होत्या ते ध्यानात ठेवावे. मोटारीच्या जोरापुढे आस फिरू न देण्याचे काम त्यांच्याकडे असते.

परंतु खरी युक्ती निराळीच आहे. चाक काढूच नये! सायकल आडवी करावी किंवा झाडास टेकवावी, काटा कोठे घुसला ते शोधावे, टायरच्या दोन लिव्हरींनी तेवढीच कड उचलावी, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढावा, पॉलिश कागदाने घासून सोल्युशन लावावे, ते पुरते सुकू द्यावे आणि पॅच बसवावा. सुकू द्यावे हे शब्द मी मुद्दाम लिहीत आहे. पॅच निघून येतो तो बहुधा घाईमुळे. यासाठी नव्या ट्यूबपेक्षा सात-आठ पॅच, सोल्युशनची न उघडलेली नळी, कागदाचा तुकडा, लिव्हरी आणि एक हातपंप एवढे सामान अधिक मोलाचे. सोल्युशनची नळी एकदा उघडली की महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत वाळते, आणि हे कळते ते नेमके रानात. जादा ट्यूब एक असावी, पण ती वॉल्वजवळच फाटली तर उपयोगी. तेव्हा मात्र चाक काढावेच लागते. वॉल्व मोटारसायकलीसारखा असेल तर उत्तम, कारण पंक्चरच्या कोणत्याही दुकानात त्यात हवा भरता येते. जुन्या सायकलीच्या वॉल्वसाठी आता निराळी तोटी शोधावी लागते. काटा टायरमधून बोटाने चाचपून काढला की नाही हे पाहिल्यावाचून हवा भरू नये, हे सांगणे नलगे.

इतर हत्यारांची मात्र गर्दी करू नये. चार, पाच व सहाच्या षट्कोनी चाव्या, एक दुतोंडी स्क्रूड्रायव्हर, लहान पक्कड, काळी चिकटपट्टी, आठ-दहा प्लास्टिकच्या आवळपट्ट्या, साखळीची एक जोडकडी आणि आपल्या बॅटरीत असेल त्याच क्षमतेचा एक जादा फ्यूज. फ्यूज जळाला म्हणून त्याच्या जागी तार बसवणारे विद्वान आपल्यात आहेत. त्यांनी घराच्या खटक्यावर वाटेल ते करावे, मांडीखालच्या लिथियमवर करू नये. ब्रेकच्या गुट्ट्यांची एक जोडीही असावी, कारण या सायकलीचे वजन साध्या सायकलीहून बरेच जास्त असते आणि गणेश खिंडीच्या उतारावर गुट्ट्या झिजतात. हत्यारे फडक्यात घट्ट गुंडाळावी. कोणी दुसरी बॅटरी बरोबर नेत असेल तर ती आणि पाने एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत. पोलाद तिच्या दोन टोकांस एकदम टेकले की काय होते ते पाहण्याची हौस नसावी. मोटारीचा नियामक, पडदा, संवेदक यांतील काही बिघडले तर रस्त्यावर उपाय नाही, आणि त्यासाठी अवजारे वाहून नेण्यातही अर्थ नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती दोरी. सहा-सात मीटर मजबूत नायलॉनची दोरी मी पिशवीच्या तळाशी नेहमी ठेवतो. या महामार्गावरून भाजीपाला घेऊन कल्याणकडे गेलेल्या पिकअप गाड्या परतताना रिकाम्या असतात. हात केला आणि वयाकडे पाहून दया आली तर ओतूरपर्यंत घेतातही. पण सायकल उभी बांधावयास त्यांच्याजवळ दोरी असेलच असे नाही. आडवी टाकलेली सायकल खड्ड्याखड्ड्यात आपटून जुन्नरास पोहोचेपर्यंत दुरुस्तीचे एक काम असते त्याची चार होतात.

पाऊस हा या प्रदेशाचा स्वामी. आषाढ-श्रावणात माळशेजकडे न जाणे बरे. धुके असे दाटते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि घाटात दरडी कोसळतात. आश्विन-कार्तिकात पाणी भरलेले, रान हिरवे आणि रस्ता कोरडा असतो. तरीही अवचित सर येते. तिच्यासाठी बॅटरीवर व हँडलवरच्या पडद्यावर ओढावयास दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि दोन रबरी कडी. पाण्याचे शिंतोडे ही सायकल सोसते; साचलेल्या पाण्यात तुंबा बुडवणे सोसत नाही. भरण्याच्या छिद्राचे रबरी झाकण निघण्यापूर्वी दाबून पाहावे. ओली पिन चार्जरला लावू नये, यासाठी एक कोरडे सुती फडके निराळे ठेवावे, हात पुसावयाचे नव्हे.

आता उसाचे प्रकरण. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हा सारा टापू बिबट्यांचा आहे. माणिकडोह येथे त्यांच्यासाठी वनखात्याचे निवारण केंद्रच आहे. आणि गेल्या काही वर्षांत या तालुक्यांत माणसांवर जीवघेणे हल्ले झाले आहेत. बिबट्या उसात राहतो, संध्याकाळी बाहेर पडतो, आणि वाकलेल्या अथवा बसलेल्या माणसास लहान जनावर समजण्याचा संभव असतो. आपली ही सायकल आवाज करीत नाही, हा तिचा मोठाच गुण. तिन्हीसांजेस उसाच्या कडेला मात्र तोच अवगुण ठरतो. पंक्चर काढण्यासाठी माणूस उकिडवा बसतो, मान खाली, लक्ष ट्यूबवर. म्हणून अंधार पडू लागला असता उसाच्या काठी पंक्चर काढावयास बसू नये. हवा गेलेल्या चाकाने सायकल हाताने चालवीत वस्तीपर्यंत न्यावी. टायर खराब झाला तर होऊ द्यावा. मोठ्या आवाजाची घंटी, कपाळावर बांधावयाची बत्ती आणि मागे लाल दिवा, ही तिन्ही यासाठी बरोबर असावी. कपाळावरची बत्ती स्वतःच्या सेलवर चालणारी हवी. सायकलीचा दिवा सायकलीच्याच बॅटरीवर असतो, आणि ती संपली की दोन्ही एकदम जातात. परतीस मी खिंडीचीच वाट धरतो आणि चारच्या आत मढ सोडतो.

खाण्यापिण्याचे लांबवीत नाही. घरातून दशम्या, गूळ-दाणे, आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी. मोटार आहे म्हणून तहान लागत नाही असे वाटते, पण खिंडीत घाम साध्या सायकलीइतकाच येतो. ज्यांना रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी त्या एका दिवसाच्या जास्त घ्याव्या, कारण मुक्काम पडू शकतो. खिशात शे-दोनशे रुपये रोख, आणि कागदावर घरचे दूरध्वनी क्रमांक. डोंगराच्या आडोशाला भ्रमणध्वनी मुका होतो आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोलावयाचे तर क्रमांक पाठ कोणास असतात? रुग्णवाहिकेसाठी १०८ व अन्य संकटासाठी ११२ हे दोन मात्र पाठच असावेत. बॅटरीच्या किल्ल्या दोन मिळतात. त्या एकाच कडीत अडकवून नेणे यात काय साधते हे मला आजवर उमगले नाही. एक खिशात, एक पिशवीच्या शिवणीत.

एवढे सारे सामान चार्जरसह पाच किलोंच्या आसपास भरते. ते पाठीवर न घेता मागच्या कठड्यावर, दोन्ही बाजूंस सारखे वाटून बांधावे. जड हत्यारे खाली, पॅचची डबी व टेस्टर वर. घरी परतल्यावर बॅटरी निवू द्यावी, मग भरावयास लावावी, आणि रात्रभर तशीच लावून झोपू नये. पिशवी उघडून वापरलेल्या प्रत्येक पॅचच्या जागी नवा पॅच त्याच संध्याकाळी डबीत घालून ठेवावा. सोल्युशनची नळी उघडली असेल तर तीही बदलावी, आणि उघडलेली घरातल्या साध्या सायकलीसाठी द्यावी.